सातव्या खांबाच्या आत

३ मार्च

मामा, नमस्कार.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलायची सवय नाही, म्हणून हे पत्र. आई गेली तेव्हा निघताना तुम्ही एका चिठ्ठीवर पत्ता लिहून माझ्या हातात दिला होतात. "कधी वाटलं तर," एवढंच म्हणाला होतात. वर्ष झालं. आज वाटलं.

कामानिमित्त एका परक्या गावी येऊन पडले आहे. महिना-दीड महिना मुक्काम. इथे एक जुना सार्वजनिक तरणतलाव आहे, शंभराहून जास्त वर्षांचा, छताखालचा. वर काचेचं छप्पर, चारी बाजूंनी सज्जा आणि सज्ज्याखाली बारा खांब. खांबांवर खालपासून वरपर्यंत हाताने रंगवलेल्या फरश्या. प्रत्येकीवर एक मासा, आणि कुठलेही दोन मासे सारखे नाहीत. सज्ज्याला भेग गेली म्हणून तलाव तीन वर्षं बंद आहे. गावात दोन तट पडलेत. एक म्हणतो पाडून टाका, दुसरा म्हणतो दुरुस्त करा. खांब आतून धड आहेत की नाहीत, यावर सगळं अडलंय. आत बघायचं तर फरश्या फोडाव्या लागतील, आणि फुटली तर तशी दुसरी मिळायची नाही. म्हणून मला बोलावलं.

माझं यंत्र तुम्ही पाहिलेलं नाही. चपलांच्या खोक्याएवढी पेटी, खाली चाक. ती भिंतीवरून हळूहळू फिरवायची. ती आत लहरी सोडते. आत विटा संपून दुसरं काही लागलं, म्हणजे पोकळी, लोखंड, पाणी, की लहर परत फिरते आणि पडद्यावर रेघा उमटतात. सळई असेल तर पालथ्या वाटीसारखी खूण येते. भिंतीला ओरखडासुद्धा नाही. फरश्यांवर आधी पातळ प्लास्टिक लावते, कागदी पट्टीने चौकटी आखते आणि मग तळापासून वर, एका वेळी एक रेघ. दिवसाकाठी एक खांब होतो. तीन झाले, तिन्ही ठणठणीत.

रिकाम्या तलावात दिवसभर एकटी असते. शिंकलं तरी चारदा ऐकू येतं. सोबतीला फक्त दारातली तिकीटबाई. तिकिटं बंद झाली, पण बाई अजून खिडकीत बसून विणत असते. सकाळी "आलात?" आणि संध्याकाळी "चाललात?" याच्यापुढे आमचं बोलणं सरकलेलं नाही.

तुमचे गुडघे कसे आहेत? खोलीखालचं किल्लीवाल्याचं दुकान आहे ना अजून?

तुमची,
ठकू


१४ मार्च

ठकूबाई,

तुझं पत्र किल्लीवाल्याने वर आणून दिलं. म्हणाला, "म्हातारबा, तुम्हालाही कुणीतरी आहे की!" मी म्हटलं, भाची आहे, मोठी इंजिनियर आहे. दोनदा वाचलं. मग तिसऱ्यांदा वाचलं, कारण दुसरं काही वाचायला नव्हतं.

गुडघे आहेत तिथेच आहेत. जिना दिवसातून एकदा उतरतो, तेवढ्यात सगळी कामं उरकून घेतो. कामं तरी कसली!

तुझ्या पेटीचं नवल वाटलं. आमच्या वेळी भिंतीला कान लावून हातोडीच्या दांड्याने ठोकायचो. भरीव असली तर आवाज टणक यायचा, पोकळ असली तर बद्द. तुझ्या पेटीला कितपत खोलवरचं दिसतं? वीट आणि विटांचे तुकडे यांतला फरक तिला कळतो का? चुकते का कधी? माणूस चुकतो, तर यंत्रही चुकत असेल.

आणि बाराही खांब बघावेच लागतात का? पहिले पाच-सहा चांगले निघाले की बाकीचे तसेच धरून चालत नाहीत का? जिन्याखालचा खांब अडचणीत आहे, तिथे वाकून काम करावं लागेल, पाठ धरेल. तुझ्या आईलाही पाठीचाच त्रास होता. तेवढा एक सोडलास तरी कुणी विचारणार नाही.

जावईबापूंना आशीर्वाद सांग. तू नसताना ते एकटे कसं निभावतात?

मामा


२२ मार्च

मामा, नमस्कार.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं आधी देते. पेटीला हातभर खोलीचं चांगलं दिसतं, त्यापुढे पुसट होत जातं. सलग विटांचं काम आणि नुसती भर यांतला फरक बहुतेक वेळा कळतो, कारण भरीत रेघा विस्कटलेल्या येतात. चुकते का? यंत्र क्वचित चुकतं, वाचणारा जास्त चुकतो. म्हणून मी प्रत्येक रेघ तीनदा ओढते.

नऊ खांब झाले. आठांच्या आत चार-चार उभ्या सळया आणि त्यांना फुटाफुटावर बांधलेल्या आडव्या रिंगा, अगदी ओळीत. नवव्यातही तसंच, फक्त वरच्या बाजूला ओल आहे. सज्ज्याच्या भेगेचं कारण तिथेच असावं असा माझा संशय आहे. छपराची पन्हळ तुंबली असणार.

आता माझा एक प्रश्न. जिन्याखालचा खांब अडचणीत आहे असं तुम्ही लिहिलंत. मामा, मी पत्रात जिन्याचा उल्लेखच केला नव्हता.

मी कचेरीतून जुनी फाइल मागवली. अडतीस वर्षांपूर्वी इथे मोठी दुरुस्ती झाली. खांब विटांचे होते आणि मधून पोकळ होते. त्या पोकळीत सळया सोडून काँक्रीट भरलं, बाराही खांबांत, असं फाइल म्हणते. खाली मुख्य गवंडी म्हणून सही आहे. सहीखाली मागे लांब ओढलेली एक रेघ आहे. आईच्या ट्रंकेत तुमची जुनी पत्रं होती, त्यांवर हीच रेघ आहे.

तुम्ही इथे होतात, तर पहिल्याच पत्रात का नाही सांगितलंत? मला किती आनंद झाला असता! दिवसभर मी तुमच्याच कामावर हात ठेवून असते.

जिन्याखालचा खांब म्हणजे सातवा. तो अजून राहिलाय, कारण तिथे पाणी साचलं होतं आणि ओल्या भिंतीत पेटीला धड दिसत नाही. पंखे लावून वाळवते आहे. पंधरा-वीस दिवस लागतील. सोडून देता येणार नाही, मामा. एक जरी सोडला तरी माझ्या अहवालाला काही अर्थ उरत नाही. तलावाचं काय करायचं ते ठरवणाऱ्या कमिटीची बैठक एप्रिलअखेरीला आहे.

काय आहे त्या सातव्यात?

ठकू


२ एप्रिल

ठकू,

आठ दिवस पेन हातात घेतो आणि खाली ठेवतो. आता एका दमात लिहितो.

सातव्यात काही नाही. विटांचे तुकडे आणि त्यांवर ओतलेला पातळ माल. लोखंड नाही.

दुरुस्तीला आम्ही वीस-पंचवीस जण होतो. खांबांच्या आतलं काम माझं. वरच्या फरश्या उतरवून ठेवायच्या आणि काम झालं की जिथली तिथे परत बसवायच्या, ते माझ्या जोडीदाराचं. त्याला सगळे नाजूकराव म्हणायचे. फरशी अशी उचलायचा की जणू झोपलेलं मूल. सात महिने एका खोलीत राहिलो, एका ताटात जेवलो. माझा सख्खा भाऊ नव्हता, ठकू. तुझी आई होती, पण बहिणीला सगळं सांगता येत नाही.

सातवा खांब जिन्याखाली, अडचणीचा, म्हणून शेवटी ठेवला. त्याची पाळी आली तेव्हा लोखंड संपलं होतं. नवीन येईना. उद्घाटनाची तारीख ठरलेली. मुकादम म्हणाला, "भरून टाक. एकाने काय होतंय? अकरा आहेत ना!" मी भरून टाकला. मला कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं.

नाजूकरावने बघितलं. फरश्यांची टोपली खाली ठेवली आणि म्हणाला, "यावर मी फरशी लावणार नाही."

मी म्हटलं, "तुला कोण विचारतंय? तू लाव."

"खाली पोरं पोहणार आहेत. उपस हे. लोखंड येईपर्यंत थांबू."

सगळे बघत होते. मुकादमही बघत होता. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "तू चेहरे रंगवणारा. तुला हाडांतलं काय कळतं? आयुष्यभर फरश्या चिकटवल्यास, खांब उभा केलायस का एक तरी?" आणखीही बोललो. ते लिहीत नाही.

त्याने हात धुतले आणि बाहेर जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तार आली. तुझी मामी आजारी. मुकादमाला सांगून मी तसाच निघालो, त्याला सांगितलंसुद्धा नाही. घरी पोचलो आणि आठ दिवसांत ती गेली. मला तेव्हा वाटलं, त्या खांबाचंच हे. अजूनही कधीकधी वाटतं. तू शिकलेली आहेस, हसशील.

परत गेलो नाही. फाइलवरची सही आधीच करून ठेवली होती. महिन्याभराने नाजूकरावचं पत्र आलं. पाकिटावरचं अक्षर ओळखलं. म्हटलं, आता हा सुनावणार, आणि तेही बायको गेल्यावर. मी पोस्टमनला म्हटलं, घेत नाही, परत पाठव. त्याने पुन्हा लिहिलं नाही.

त्यानंतर मी फक्त गिलावा केला. वरवरचं काम. भिंतीच्या आतलं काही कधी अंगावर घेतलं नाही. लोक म्हणायचे, एवढा कसबी माणूस, गिलावे काय करतोस?

अहवालात लिही. माझं नाव घाल. तुला माझ्यामुळे खोटं लिहायला लागू नये.

मामा


११ एप्रिल

मामा,

पत्र मंगळवारी मिळालं. उत्तराला उशीर झाला, कारण काय लिहावं ते कळत नव्हतं. अजूनही नीट कळलेलं नाही.

आमच्या साहेबांना मी कळवलं आहे. सातव्या खांबाभोवती दोऱ्या बांधल्या, सज्ज्याचा तो भाग बंद केला, खाली लाकडी टेकू लावले. तुमचं नाव अजून सांगितलेलं नाही. सांगावं लागेल.

मला राग आलाय. तुम्ही म्हणता तसं खांबात काहीच नसेल, तर पस्तीस वर्षं पोरं त्याखाली पोहत होती. इथे भिंतीवर फोटो लावलेत, पोहायला शिकणाऱ्या वर्गांचे. सगळी ओलीचिंब आणि दात काढून हसणारी. मी रोज त्यांच्यासमोरून जाते. तुम्हाला पस्तीस वर्षांत एक पोस्टकार्ड टाकता आलं नाही?

आणि आणखी एक. जावईबापूंना आशीर्वाद पोचवू शकत नाही. आम्ही वेगळे राहतो, ऑगस्टपासून. तो घरात आहे, मी कामाच्या गावी जिथे खोली मिळेल तिथे. आई असती तर तिला सांगितलं असतं. ती नव्हती, म्हणून कुणालाच सांगितलं नाही. तुम्ही दर पत्रात विचाराल म्हणून आताच सांगून टाकते. भांडणही झालं नाही, ओरडाआरडाही नाही. एक दिवस लक्षात आलं की आम्ही फक्त दूध आणि विजेचं बिल यांवरच बोलतो.

सोमवारी भिंत वाळलेली असेल. मग बघते.

ठकू


१७ एप्रिल

मामा,

हे पत्र सावकाश वाचा. आधी खाली बसा.

सातव्यात लोखंड आहे.

सोमवारी सकाळी पहिली रेघ ओढली आणि पडद्यावर पालथी वाटी आली. मला वाटलं, शेजारच्या जिन्याच्या कठड्याचं लोखंड असेल. पेटी वळवून आडवी फिरवली, पुन्हा आली. चार उभ्या सळया, चार कोपऱ्यांत. लोखंड शोधायचं दुसरं छोटं यंत्र असतं, तेही फिरवलं. चार. आत पोकळी नाही, तुकड्यांची भर नाही, खालपासून वरपर्यंत सलग. आणि रिंगा! बाकीच्या खांबांत फुटाफुटावर आहेत. यात अर्ध्या-अर्ध्या फुटावर, आणि जरा वाकड्या. ज्याचं हे रोजचं काम नाही, अशा माणसाने भीतीपोटी दुप्पट बांधाव्यात तशा.

मी तलावाच्या काठावर बसून राहिले. मग दारात गेले आणि तिकीटबाईंना विचारलं, तुम्ही इथे किती वर्षं आहात? म्हणाल्या, "विसाव्या वर्षी लागले. दुरुस्ती चालू होती तेव्हाच."

त्यांनी सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत लिहिते.

"उद्घाटन पुढे ढकललं. काचा आल्या नव्हत्या म्हणे. सगळे कामगार गेले, तो फरशीवाला एकटा राहिला. मुकादमाला म्हणाला, जिन्याखालच्या फरश्या अजून सुकायच्यात. कुठल्या सुकायच्यात! लावल्याच नव्हत्या. चार दिवसांनी लोखंडाची गाडी आली, त्याने एकट्याने उतरवून घेतलं. सज्ज्याला खालून लाकडं लावली, खांबाच्या विटा एका बाजूने काढल्या, आतलं सगळं घमेल्याने उपसलं. तीन आठवडे चाललं होतं. हात सोलून निघाले होते, त्या कामाची सवय नव्हती ना. मी विचारलं, एकटेच का करता? म्हणाला, जोडीदार घरी गेलाय, त्याची बायको आजारी आहे. त्याचंच काम आहे, मी नुसतं पुढे नेतोय."

मामा, पुढचंही सांगायला हवं. तलाव सुरू झाल्यावर तो दर उन्हाळ्यात एकदा यायचा. पोहता येत नव्हतं, तरी तिकीट काढायचा आणि कपड्यांनिशी आत बाकावर बसून यायचा. तिकीट घेताना बाईंना विचारायचा, "आमचा जोडीदार येऊन गेला का?" बाई म्हणायच्या, नाही. "मग येईल पुढच्या वर्षी." शेवटचा आला त्याला अकरा वर्षं झाली.

एकदा तो छत्री विसरला होता. ती पाठवायला बाईंनी पत्ता लिहून घेतला होता, तो अजून वहीत आहे. सोबत पाठवते. खांबाच्या चित्राची एक प्रतही पाठवते. उभ्या चार फिकट पट्ट्या म्हणजे सळया, आडव्या बारीक रेघा म्हणजे रिंगा.

मागच्या पत्रात फार लागट लिहिलं. लिहिलं ते खोटं नव्हतं, पण ते पत्र तुम्ही त्या खोलीत एकट्याने वाचलं असेल, हे पाकीट टाकल्यावर सुचलं.

लगेच लिहा.

ठकू


२ मे

मामा,

पंधरा दिवस झाले, तुमचं पत्र नाही. काल किल्लीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "म्हातारबा पिशवी घेऊन गेले. कुठे म्हणून विचारलं, तर म्हणाले, कामावर." मला हसू आलं आणि मग भीती वाटली. गुडघ्यांचं काय? औषधं घेतलीत का?

तुमच्या घरी लिहून उपयोग नाही, म्हणून हे पत्र तलावाच्या पत्त्यावर, तिकीटबाईंकडे पाठवते. गेला असलात तर कधीतरी तिथे जालच.

बैठक झाली. तलाव पाडणार नाहीत. पन्हळ बदलायची, सज्जा दुरुस्त करायचा, खांबांना हात लावायचा नाही. सातव्या खांबाबद्दल मी अहवालात दिसलं ते लिहिलं. तुम्ही सांगितलेलं आणि बाईंनी सांगितलेलं, दोन्ही साहेबांच्या कानावर घातलं. त्यांनी फाइल पुढे ओढली. मग म्हणाले, "नोंद करून ठेवू, सगळी."

मी आता नव्या गावात आहे. नवं काम, एका जुन्या इस्पितळाचं तळघर. इथे तर तिकीटबाईही नाही.

कुठे आहात?

ठकू


९ मे

ठकू,

तुझं पत्र तिकीटबाईंनी खिडकीतून हातात दिलं. मी इथेच आहे, धडधाकट आहे, औषधं घेतो. तुला घाबरवलं, माफ कर. कुठे जातोय ते कुणाला सांगून निघायची सवयच मोडली आहे.

तुझं आधीचं पत्र मी जिन्यातच उघडलं होतं. पायरीवर बसलो तो बसलोच. किल्लीवाला दुकान बंद करताना म्हणाला, "उचलून नेऊ का वर?" मी म्हटलं, नको, जरा थांबलोय.

दोन बस बदलून आधी नाजूकरावच्या गावी गेलो. गुडघ्यांनी वाटेत खूप शिव्या दिल्या. घर सापडलं. दार त्याच्या बायकोने उघडलं. मी कोण ते सांगायच्या आधीच म्हणाल्या, "कोण हवंय? ते जाऊन नऊ वर्षं झाली."

मी म्हटलं, मी गवंडी आहे, आम्ही तरणतलावावर बरोबर होतो.

त्यांनी चष्मा सारखा करून बघितलं. "खांबवाले का तुम्ही?"

"हो."

"या. उशीर केलात."

रागाने नाही म्हणाल्या. कुणी जेवायला उशिरा आला तर म्हणावं तसं म्हणाल्या.

मी सगळं सांगितलं. काय बोललो होतो तेही, तुला लिहिलं नव्हतं तेसुद्धा. पत्र परत पाठवलं ते सांगायला लागलो तर म्हणाल्या, "माहीत आहे. पोस्टमनकडून ते मीच घेतलं होतं. वर लिहिलं होतं, घेण्यास नकार. मी यांना दाखवलं. म्हणाले, पत्ता बदलला असेल त्याचा. मी म्हटलं, अहो, काय लिहिलंय ते वाचा तरी. म्हणाले, वाचलं. पत्ताच बदलला असणार."

मी विचारलं, "आत काय लिहिलं होतं?"

"मला नाही दाखवलं. खिशात घातलं. पुढे कुठे गेलं, कोण जाणे."

म्हणजे ते आता कधीच कळायचं नाही. मी बसमध्ये ते पत्र मनात कितीतरी प्रकारांनी लिहून पाहिलं. त्याच्यासारखं एकही जमलं नाही.

तू दिलेलं चित्र त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी उलटसुलट करून बघितलं. "यात त्यांचं काम कुठलं?" मी दाखवलं. त्या एकेका आडव्या रेघेवर नख ठेवत खालून वर मोजत गेल्या. एकोणीस भरल्या. मग म्हणाल्या, "हात सोलून आले होते. विचारलं तर म्हणाले, नवीन काम शिकलो." चित्र त्यांनी ठेवून घेतलं. द्या म्हणाल्या नाहीत, मीही परत मागितलं नाही. तुला हिशेब द्यायचा असेल तर दुसरी प्रत काढ.

निघताना म्हटलं, पुन्हा येईन. म्हणाल्या, "या की. दुपारी घरीच असते मी."

मग इथे आलो. तिकीटबाईंनी खिडकीतून निरखून बघितलं आणि दार उघडून दिलं. आत गेलो. सातव्या खांबाला हात लावला. फरश्या गार होत्या. खोटं कशाला सांगू, काही वाटलं नाही. नुसता उभा राहिलो. तासाभराने मात्र बाकावर बसावं लागलं, आणि मग आवरेना. त्या रिकाम्या जागेत माझाच आवाज चारदा ऐकू आला, तू म्हणतेस तसा. तिकीटबाई विणकाम घेऊन आत आल्या आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसून विणत राहिल्या.

तू रागावलीस ते बरोबर होतं. खांब त्याच्यामुळे उभा राहिला, माझ्यामुळे नाही. मी तर पडलेलाच सोडून आलो होतो. तुझ्या साहेबांना तसंच लिहायला सांग. सही हवी असेल तर कागद पाठव.

तुझ्या नवऱ्याबद्दल मी काही विचारत नाही. शहाणपण शिकवायला माझ्याकडे काय आहे? तुझी मामी गेल्यानंतर मीही दूध आणि विजेचं बिल यांवरच बोललो, तेही एकट्याशी. एवढंच सांगतो, दिवसभराचं सांगायला कुणीतरी लागतं. मला ते तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा आठवलं.

इथे तिकीटबाईंच्या ओळखीने एक खोली मिळाली आहे. महिनाभर राहीन म्हणतो. पन्हळीचं काम सुरू झालंय, पोरं चांगली आहेत, चुकतात तिथे मी ओरडतो. त्यांना राग येत नाही, मला ऐकू येत नाही, त्यामुळे ठीक चाललंय. रविवारी नाजूकरावच्या घरी जाऊन येणार आहे.

तुझ्या तळघरात उजेड आहे का? राहायची खोली केवढी आहे, खिडकी कुठे उघडते, समोर कोण राहतं, सगळं लिही. मोठं लिही. संध्याकाळी सहानंतर मला काहीच काम नसतं.

मामा